माझ्या डब्यातलं शिसं

प्रिय पक्कड,

दचकलीस ना? गेल्या वीसएक वर्षांत तुला या नावाने कुणी हाक मारली नसेल. लग्नात भावजींच्या कानावर हे नाव जाऊ नये म्हणून तू सगळ्या घराला दम देऊन ठेवला होतास आणि मी मुद्दाम पंगतीतच त्यांना सांगून टाकलं होतं. असो. मघाशी ‘प्रिय ताई’ लिहून पाहिलं, पण कुठल्या तरी अर्जाची सुरुवात वाटायला लागली, म्हणून खोडलं. फोन का नाही केलास, असं विचारशील. अगं, फोनवर पोटापाण्याचं काहीही बोल, तू तासभर बोलतेस; पोटातल्या बाळाचा विषय निघाला की तुझं दूध उतू जायला लागतं. ‘ठेवते गं, दूध उतू जातंय.’ सकाळी, भर दुपारी, केव्हाही! इतकं दूध तर एखाद्या हॉटेलात तापत नसेल. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. हातात घेतलेलं तू अर्ध्यावर सोडत नाहीस, हा तुझा जुना स्वभाव. हे तर अजिबात सोडू नकोस. गोष्ट शिशाची आहे. माझ्या रक्तातल्या, आणि मला भीती आहे की तुझ्याही.

आधी एक दीर्घ श्वास घे. मी मजेत आहे. आठवा महिना चालू आहे आणि पोट इतकं पुढे आलंय की दुकानातल्या कापायच्या टेबलाशी उभी राहिले की कात्री कापडापर्यंत पोचतच नाही. म्हणून मालकीणबाईंनी मला पडद्यांना चुण्या घालायच्या कामावर बसवलंय. खिडकीशी खुर्ची, पाठीला उशी, पायाखाली न खपलेल्या मखमलीचा गठ्ठा. बाळ दुपारी अडीचच्या सुमाराला उठतं आणि असं काही लाथा झाडतं की मांडीवरचा पडदा हलतो. परवा एक गिऱ्हाईक बाई मापं सांगता सांगता थांबली आणि पडद्याकडेच बघत बसली. आम्ही दोघी इतक्या हसलो की मापं पुन्हा लिहून घ्यावी लागली. पाय सुजतात, छातीत जळजळतं, झोपेत कूस बदलायची तर आधी नियोजन करावं लागतं, पण तक्रार नाही गं. खरंच नाही.

ही शिशाची भानगड सुरू झाली तिसऱ्या महिन्यात. इथल्या दवाखान्यात पहिल्या तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईकडून एक कागद भरून घेतात. वजन, रक्तदाब, घरच्यांचे आजार हे झालंच, पण कागदाची मागची बाजू सगळी शिशाची. नर्स भरभक्कम आणि तिचा आवाज असा की माझं वजन बाहेर बाकावर बसलेल्या झाडून सगळ्या बायकांना कळलं. ती विचारत गेली, मी मुंडी हलवत गेले. घर जुनं आहे का, भिंतींचा रंग खरवडायचं काम चाललंय का? नाही. नळाचे पाइप जुने? नाही. तुम्ही किंवा घरातलं कुणी बॅटऱ्या, जुना रंग, धातू वितळवणं असलं काम करतं का? नाही. चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यात जेवण? डोळ्यांत घालायच्या कसल्या पुड्या? माती, खडू खावेसे वाटतात? नाही, नाही, नाही. परीक्षेत कधी इतकी भराभर उत्तरं दिली नव्हती मी. शेवटचा प्रश्न होता, याआधी कधीही, अगदी लहानपणीसुद्धा, शिशाशी संबंध आला होता का. तोंडातून ‘नाही’ निघायच्या बेतात होतं, आणि मला हसूच फुटलं. म्हटलं, बाई, आम्ही बहिणी तर शिसं चावत मोठ्या झालो.

तुला माहीत आहे, ही गोष्ट मी दहा ठिकाणी रंगवून सांगितलीय. दुकानात, सासरी, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. लोक पोट धरून हसतात. नर्ससुद्धा अर्ध्यापर्यंत हसली. मग तिने पेनाला टोपण लावलं, आणि त्या मोठ्या आवाजाच्या बाईने इतक्या हळू विचारलं, की बाहेरच्या बाकावर आयुष्यात पहिल्यांदाच काही ऐकू गेलं नसेल. किती वर्षं, म्हणाली. मी बोटांवर मोजायला लागले. ती म्हणाली, राहू दे, बाही वर करा.

आठवड्याने रक्तातल्या शिशाचा आकडा आला. आठ. इथे पाचच्या वर गेलं की डॉक्टर लक्ष ठेवतात. आणि त्या आठवड्यात मी नको ते सगळं वाचून बसले होते. शिसं आईच्या रक्तातून सरळ बाळाकडे जातं, त्याला दारात कुणी अडवत नाही, आणि बाळाच्या कोवळ्या मेंदूला ते चांगलं नाही. माझा नवरा म्हणजे गणिताचा मास्तर, तो आठ या आकड्याकडे असा बघत होता, की जणू कुणीतरी बेरीज चुकवलीय आणि त्याला फक्त ती शोधून काढायचीय.

मग घराची झडती. आरोग्य खात्याची एक बाई आली, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी घेऊन. दारं, खिडक्या, गॅलरीचा कठडा, सगळीकडे ते टेकवून पाहिलं. मास्तर तिच्या मागे मागे वही घेऊन. पाण्याची बाटली भरून नेली, स्वयंपाकघरातले दोन वाडगे नेले. सगळं स्वच्छ निघालं. मग वळली दुकानाकडे. पडदा नीट पडावा म्हणून खालच्या काठात आम्ही छोटी वजनं शिवतो ना, त्यांच्यावर तिचा डोळा गेला. मला वाटलं, सापडला चोर! मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक. त्या बाईने पर्समधून लोहचुंबक काढला आणि डब्यात सोडला, तर वजनं टपाटपा त्याला चिकटली. शिशाला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ही लोखंडाची. मालकीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. टाचण्या तोंडात धरायची माझी सवय तेवढी त्या बाईने बंद करवली, कारण शिसं नसलं तरी गिळायची भीती आहेच म्हणे.

घरात नाही, पाण्यात नाही, दुकानात नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे? ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या बोलायला फार कमी, पण त्या दिवशी त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं मला. लहानपणी पोटात गेलेलं शिसं सगळं बाहेर पडत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत ठेवून देतं, आणि ते तिथे वीस वीस, तीस तीस वर्षं गुपचूप पडून राहतं. बाईला दिवस गेले की बाळ हाडं बनवायला कॅल्शियम मागतं. आईच्या हाडांतून ते द्यायला लागलं की त्याच्याबरोबर शिसंही बाहेर निघतं. म्हणजे आपल्या मागच्या पडवीतलं शिसं मी लग्न करून, चार गावं बदलून, इथपर्यंत घेऊन आले होते, आणि मला पत्ताच नव्हता.

तुला ती पडवी आठवते? मला हल्ली फार आठवते. बाबांची शेगडी, काळा पडलेला तो खोल तवा, त्यात वितळलेल्या शिशावर धरणारी साय, आणि बाबांनी पळीने ती बाजूला सारली की खाली दिसणारा तो आरशासारखा चकचकीत रस. साचा उघडला की गळ बुडवायच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या, प्रत्येकीच्या पोटाला एक चीर. त्या चिरेत गळाची दोरी बसवायची आणि चीर दाबून मिटवायची. एका दोरीला दहा गोळ्या, चार चार बोटांच्या अंतराने. मासे धरणारे लोक लांबून यायचे बाबांच्या तयार दोऱ्या न्यायला. आणि बाबांचं ते तत्त्व! पकडीने दाबलं की दोरी आतून दुखावते, मोठा मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. दात मऊ, दाताला अंदाज असतो. खरा कारागीर दाताने मिटवतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं, त्यांनी आपल्याला. शाळेतून आलं, हातपाय धुतले, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींसमोर एकेक डबा. हात धुवायला आईने कधी विसरू दिलं नाही, आणि मग आपण त्याच स्वच्छ हातांनी गोळी उचलून तोंडात घालायचो! तुझा वेग तर असा, की बाबा गिऱ्हाइकांना मुद्दाम आत बोलावून दाखवायचे. ही आमची पक्कड. आणि ही धाकटी, चिमटी. कौतुक म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं, आणि तुझं जास्त व्हायचं म्हणून मी जळायचे, हेही आता सांगून टाकते.

तर डॉक्टरीणबाईंचा उपाय अगदी साधा निघाला. बाळाला लागणारं कॅल्शियम तोंडावाटे भरपूर घ्यायचं, म्हणजे हाडांकडे हात पसरायची वेळ कमी येते. दूध, दही, पालेभाज्या, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, दोन्ही एका वेळी नाहीत. उपाशी राहायचं नाही. आणि ठरल्या दिवशी रक्त द्यायला जायचं. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारावर आलेखाचा कागद लावला. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर आकडे. शेजारी मी प्यायलेल्या दुधाच्या पेल्यांच्या खुणा. मला दूध किती आवडतं ते तुला माहीत आहे, लहानपणी मी ते तुळशीच्या नाही तर मांजराच्या नावाने खपवायचे. आता हा माणूस समोर उभा राहून पेला रिकामा होईपर्यंत हलत नाही. एकदा मी चिडून म्हटलं, तूच पी आणि तूच बाळंत हो. तर त्याने खरंच अर्धा पेला पिऊन दाखवला आणि प्रामाणिकपणे आलेखावर अर्धीच खूण केली. अशा माणसावर रागवायचं तरी कसं! पाचव्या महिन्यात आकडा सहावर आला. सातव्यात पुन्हा सात झाला, तेव्हा माझं धाबं दणाणलं, पण शेवटी शेवटी बाळाची हाडं भरतात तेव्हा थोडं वर जाणारच, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात सहा. बाळाचं वजन चांगलं, ठोके चांगले. जन्मल्यावर नाळेतलं रक्त तपासणार आहेत, आणि पुढेही लक्ष ठेवणार आहेत. काय निघेल ते निघेल, पण कुणीतरी बघतंय, कुणालातरी ठाऊक आहे, याचा मला फार आधार वाटतो. मी रात्री शांत झोपते, ताई.

झोपते, पण एक गोष्ट सलते. ती आता सांगते. तू अजून वाचतेयस ना?

मी सहा वर्षांची असताना माझे पुढचे दात पडले. तेव्हा तू दहाची. मला गोळी धरता येईना, निसटून घशात जायला लागली, म्हणून तू माझा डबा ओढून घेतलास. म्हणालीस, तू चित्रं काढत बस, बाबांना सांगू नकोस, मी करते दोन्ही. तुझं बरोबर होतं. दात नव्हतेच मला. पण मग नवे दात आले. चांगले भक्कम आले. आणि मी तुला सांगितलं की ते दुखतात. गालावर हात धरून बसायचे, आठवतं? थंड पाणी पिताना मुद्दाम कळवळायचे. तू बिचारी आईच्या डब्यातून लवंग आणून द्यायचीस. ताई, माझे दात कधीच दुखत नव्हते. एक दिवससुद्धा नाही. मला चित्रं काढायची होती आणि त्या कामाचा कंटाळा यायचा, बस, एवढंच. आणि तू चार वर्षं, बाबांनी दाबायचं यंत्र आणेपर्यंत, रोज दोन डबे करत राहिलीस. आपला आधी, मग माझा. चित्रांची वही भरली की नवीही तूच आणून द्यायचीस.

माझा आकडा आठ आला तो माझ्या सुरुवातीच्या वर्षा-दीडवर्षाच्या चावण्यातून आणि घरातल्या धुळीतून. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसून मी हे बोटांवर मोजत होते आणि मोजता मोजता तुझ्या डब्यांवर आले. माझा जर आठ, तर तुझा किती?

घरी कळवलं तेव्हा आईने आधी रडून घेतलं, मग बाबांच्या हाताला धरून त्यांना तपासायला नेलं. आधी त्यांचं नेहमीचं चाललं होतं, मी जन्मभर शिसं ओततोय, मला काय धाड भरलीय. त्यांचा आकडा चाळीसच्या आसपास निघाला. हात थरथरतात ते म्हातारपणाने, असं आपण सगळे धरून चाललो होतो ना? त्यांनी शेगडी विझवली ती विझवलीच. शिसं, साचे, सगळं योग्य माणसांच्या ताब्यात दिलं, पडवी ओल्या फडक्याने पुसून घेतली, आता कथलाच्या तयार गोळ्या आणून विकतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाताने दाबू नका म्हणून झापतात. गिऱ्हाइकं चक्रावून जातात, कारण दाताने दाबायचं त्यांना यांनीच शिकवलेलं. पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. मी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझ्या बाळाचं विचारतील. त्यांनी विचारलं, आणि थोरलीचं काय? मग म्हणाले, ती दोन डबे करायची. मला माहीत होतं. दोन्ही डब्यांतल्या गोळ्यांवर एकाच दातांची खूण असायची. एवढं बोलून बाबांनी फोन आईकडे दिला. ताईला मीच सांगते, असं मी तिला म्हटलं, आणि त्यानंतर दर वेळी तुझं दूध उतू गेलं.

आता ज्या विषयावर तू फोन ठेवतेस त्या विषयावर येते. रागाव, पण वाच. तुझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं चौथ्यात. दोन्ही वेळा सगळ्यांनी कारण शोधून काढलं. रोपवाटिकेतल्या कामावर कुंड्या उचलल्या. वाकून वाफे केले. उन्हात उभी राहिली. कुणी काही, कुणी काही. आणि दुसऱ्या वेळी दवाखान्यातल्या त्या पत्र्याच्या कपाटाशेजारच्या खाटेवर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, तेव्हा मी, तुझी सख्खी बहीण, शहाणपणा करून म्हणाले होते, कशाला उचलायच्या होत्या गं कुंड्या? महिन्याभरात तू रोपवाटिकेचं काम सोडलंस. ज्या बाईच्या हाताने वाळकी काडीसुद्धा पालवायची, ती बाई दहा वर्षं घरात एक रोप लावत नाही. मी हे सगळं बघत होते आणि माझ्याच तोंडचं ते वाक्य आठवून मान खाली घालत होते. माफ कर म्हणायचं धाडस कधी झालं नाही. आज म्हणते. माझी चूक झाली, ताई. मला माफ कर.

तुझ्याबद्दल मी डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. त्या उगाच काहीही बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या बहिणीची बाळं शिशाने गेली असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अशी बाळं जायला शंभर कारणं असतात, पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण अंगात शिसं जास्त असलं की तो धोका वाढतो, हे खरं. आणि कुंड्या? मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. रोजच्या सवयीच्या कामाने बाळ जात नाही, म्हणाल्या, हे त्या बाईला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही का? नाही सांगितलं, बाई. उलटंच सांगितलं. त्यात मीही होते. मग त्या म्हणाल्या, तिचा आकडा कधी कुणी पाहिलाच नाही, तो आधी पाहा. कमी असला तर एक काळजी मिटली. जास्त असला तरी हातात पुष्कळ काही असतं, फक्त ते लवकर कळलं पाहिजे, जितक्या लवकर तितकं बरं.

आणि म्हणून हे पत्र, पक्कड. मंगळवारी दुपारी दुकानात भावजींचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभे राहून बोलत होते, आवाज इतका दबका की आधी मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. तुला दिवस गेलेत. आठवा आठवडा. तू त्यांना शपथ घातलीयस की चौथा महिना पार पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आईला नाही, मला नाही, दवाखान्याचीसुद्धा पायरी चढायची नाही, कारण मागे दोन्ही वेळा सगळ्यांना सांगितलं, आणि मग सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. त्यांच्यावर चिडू नकोस. शपथ मोडताना त्या माणसाला रडू येत होतं, आणि त्यांना शिशाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त तुझी भीती बघवत नव्हती. तू लपवलंस याचा मला राग नाही, तुझ्या जागी मीही लपवलं असतं. पण चौथ्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही. त्या मोठ्या आवाजाच्या नर्सने तुमच्या गावातल्या दवाखान्यात स्वतः फोन करून सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, तुझ्या नावाने, शिशाच्या तपासणीसकट. मी शनिवारच्या बसने येतेय. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, मास्तर पोचवायला येतील, तेव्हा या पोटाने कशाला येतेस वगैरे काही ऐकणार नाही. रविवारी आपण दोघी नुसत्या लोळू, कुणाला काही सांगायचं नाही, तुझी शपथ मी पाळते. फक्त सोमवारी माझ्याबरोबर चल. तुला सुई बघवत नाही, मला ठाऊक आहे. तू माझ्याकडे बघ, आणि माझा हात हवा तेवढा जोरात दाब.

तुझीच,
चिमटी